वेळेआधीचा शंख

फागालेले, सावाई बेट
४ मार्च २००६

प्रिय एनोकादादा,

प्रभूच्या कृपेने येथे सर्व क्षेम. तूही तुझ्या त्या नवव्या मजल्यावर लेक लुतेरुच्या संसारात सुखरूप असशील, अशी आशा करते.

आपल्या शाळेला यंदा शंभर वर्षे होतात. मी निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी मुले मला सोडत नाहीत. "फुआतिनोबाई, तुमच्या लहानपणी रस्ता नव्हता, वीज नव्हती, मग तुम्ही दिवसभर करायचात काय?" एकाने तर विचारले, "बाई, तेव्हा समुद्र होता का?" त्या गाढवाला काय उत्तर द्यावे या विचारात मी आपल्या बालपणाच्या आठवणी लिहायला बसले, आणि पाहता पाहता पंधरा प्रकरणे झाली. आपियातला मंडळीचा छापखाना हे पुस्तक शताब्दीसाठी छापणार आहे. हस्तलिखित जुलैअखेर मागितले आहे. दर रविवारी शब्बाथशाळेत मी एकेक प्रकरण वाचून दाखवते. तू जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहेस, म्हणून तपासून पाहा. आठवणींना साक्षीदार दोन असावेत, हे तूच नेहमी सांगतोस.

मुलांचे सर्वांत लाडके सातवे प्रकरण आहे. त्याचा शेवट येथे उतरवून देते:

"मुलांनो, आपल्या गावाच्या पाठीशी काळा लाव्हा आणि पुढ्यात समुद्रातल्या खडकांची रांग. त्या रांगेत दोन होड्यांच्या रुंदीची एकच फट. गावात येणे आणि गावातून जाणे त्या फटीतूनच, आणि तेही भरतीला. मी तेरा वर्षांची असताना आपियाच्या मुलींच्या शाळेत मला जागा मिळाली. साऱ्या जिल्ह्यातून एकच जागा होती! महिन्यातून एकदा येणारी व्यापारी बोट खडकांच्या बाहेर येऊन थांबली. माझा भाऊ माझी पेटी खांद्यावरून नेऊन होडीत ठेवून आला. मी घरात शिरले ती केवळ आईच्या हातून डोक्याला तेल लावून घ्यायला. तेवढ्यात शंख वाजला!

"सांजेचा पहिला शंख वाजला की जो तो घरात, आणि तिसरा वाजेपर्यंत पाऊल टाकायचे नाही, प्रार्थनेवाचून तोंड उघडायचे नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वल्हेकरी वल्ही टाकून घरोघर पळाले. सूर्य मात्र अजून समुद्राच्या वर हातभर होता! पण आपल्याकडे सांज सूर्य ठरवत नाही, शंख ठरवतो. शंखाचा मान तेव्हा सेमिसी आजोबांच्या घराण्याकडे होता. सूर्याआड एक ढग आला, आणि आजोबांना वाटले, झाली सांज! बरे, तेवढ्यावर थांबतील तर ते आजोबा कसले? गीताचे दुसरे कडवे संपले नाही तोच त्यांनी तिसरा शंख फुंकला. वेळेआधी बांधले आणि वेळेआधी सोडले! आम्ही किनाऱ्याकडे धावलो, पण ओहोटी लागली होती. फटीतले खडक उघडे पडले होते, आणि बोट निघून गेली होती. माझी जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. मी येथेच राहिले, म्हणूनच तुम्हाला शिकवू शकले. देवाचे ढगसुद्धा कामाचे असतात!"

येथे मुले इतकी हसतात की मला थांबावे लागते. कळव, कसे वाटले?

तुझी बहीण,
फुआतिनो


ऑकलंड
२ एप्रिल २००६

प्रिय भगिनी फुआतिनो हीस,

शांती असो. तुझी प्रकरणे मी चष्मा पुसपुसून वाचली. पाचव्या प्रकरणातले डुक्कर काळे नव्हते, त्याचे पुढचे दोन पाय पांढरे होते. नवव्यात तू लिहितेस की मी नीरफणसाच्या झाडावरून पडलो. मी पडलो नव्हतो, उतरलो होतो; किंचित वेगाने. बाकी सारे खरे आहे, आणि इतके सुंदर आहे की वाचून झाल्यावर ही खोली मला अधिकच लहान वाटू लागली.

येथे चार भिंती आहेत, आणि प्रत्येक भिंतीपलीकडे ज्याचे नाव मला ठाऊक नाही असा कोणीतरी खोकत असतो. उद्वाहक बंद पडला की मी चार-चार दिवस खाली उतरत नाही. गुडघे नऊ मजल्यांना राजी नाहीत. सांजेला शंख नसतो. घड्याळ पाहून मी प्रार्थनेला बसतो, आणि वेळ खरोखर झाली आहे ना, म्हणून ते पुन्हा एकदा पाहतो.

एक विनंती करतो. सातवे प्रकरण गाळावे. ते जमत नसेल, तर निदान सेमिसींचे नाव तरी गाळावे. नोहा द्राक्षारसाने धुंद होऊन उघडा पडला, तेव्हा त्याच्या दोन शहाण्या पुत्रांनी पाठमोरे चालत जाऊन त्याच्यावर वस्त्र घातले; पित्याची लाज त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. वृद्धाची चूक लेकरांच्या हशासाठी छापावी, हे आपल्या लेखणीला शोभणारे नाही. चौदा प्रकरणांचे पुस्तकही पुस्तकच असते.

लुतेरु व मुले तुला नमस्कार सांगतात.

तुझा बंधू,
एनोका


फागालेले
३० एप्रिल २००६

प्रिय एनोकादादा,

पाळक म्हणून चाळीस वर्षे व्यासपीठावर उभा राहिल्याने तुला प्रत्येक नकारासाठी एक वचन सापडते! तुझे मन मोठे आहे, हे मी जाणते. लहानपणीही सेमिसी आजोबांना कोणी हसले की तूच तेवढा उठून जायचास. पण शाळेचे पुस्तक आहे, खरे तेच लिहायचे, हेही तुझ्याकडूनच शिकले. प्रकरण राहील.

तरी तुला सांगते, गेल्या रविवारपासून मलाही ते थोडे टोचू लागले आहे. सेमिसींची पणती फेतू तिसऱ्या रांगेत बसते. नऊ वर्षांची आहे. मी ढगापाशी आले, तशी सगळी रांग मागे वळून तिच्याकडे पाहू लागली. "ए ढगे, आज सूर्य दिसतोय का गं?" "हिच्या घरी कोंबडा दुपारी आरवतो!" ती हलली नाही. सारे गेल्यावर जवळ येऊन म्हणाली, "बाई, पुस्तकात पणजोबांचं नाव पण छापणार?"

"छापणार. ते आपल्या गावचे होते ना."

"मग आमच्या घरी ते पुस्तक नको."

त्रेपन्न वर्षांत त्या घराचे नाव 'ढगवाले' पडले आहे. गावच्या प्रमुखांनी शंख काढून घेतला, तो लाफाईंच्या घरी दिला, तो अजून तेथेच आहे. सेमिसींचा नातू, फेतूचा बाप पेसामिनो गेल्या वर्षी सभेत पहिल्यांदा बोलायला उभा राहिला, तर मागून कोणी म्हणाले, "जरा वर बघून घ्या, आभाळ आलंय का?" सभा हसली. तो भाषण अर्धे टाकून बसला.

आणि मुलांसाठी जे लिहिले नाही, ते तुला लिहिते. आपल्या घराला भिंत कधीच नव्हती. खांब, वर झाप, आणि चारी बाजूंनी वारा. त्या अर्ध्या घटकेत मला कोणी धरून ठेवले नव्हते. उठले असते तर वीस पावलांवर किनारा होता. खांबांच्या मधून बोट दिसत होती; होडीत माझी पेटी एकटीच बसलेली दिसत होती. आणि मी डोळे मिटून गीत म्हणत होते, कारण तसे करायचे असते. तुरुंगाला भिंती असतात, त्यांना तडा जातो, पौल आणि सीला यांच्यासाठी दारेही उघडली. ज्या घराला दारच नाही, ते उघडणार कसे? सहासष्ट वर्षांची झाले, तरी पहिला शंख वाजला की माझे पाय जमिनीत रुततात.

तू माझ्या शेजारी बसला होतास. धापा टाकत होतास. मला वाटले, माझ्यासाठी धावत आलास. तेवढा एक आधार होता.

प्रकरण गाळण्याचे काही खरे कारण असेल तर लिही. वचन नको, कारण लिही.

फुआतिनो


ऑकलंड
२८ मे २००६

प्रिय भगिनी,

तू कारण मागितलेस. आठ दिवस मी प्रार्थनेला बसलो आणि शब्द न उच्चारता उठलो. आज लिहितो.

मी धापा टाकत होतो, कारण मी सेमिसींच्या घरापासून धावत आलो होतो. तो शंख मी फुंकला होता.

हे वाचून तू कागद खाली ठेवशील. पुन्हा उचलशील तेव्हा उरलेलेही वाच, कारण ते माझ्यासाठी नाही, सेमिसींसाठी आहे.

जिल्ह्याची ती परीक्षा मुलामुलींना एकच होती, आणि आपण दोघांनी दिली होती. तू उत्तीर्ण झालीस, मी झालो नाही. बहीण ही भावाचा करार असते, तिच्या मानासाठी भावाने मान खाली घालायची, हे आपण दुधाबरोबर प्यालो. मीही मान खाली घालून तुझी पेटी उचलली. वाटेत वल्हेकरी म्हणाले, "सांभाळून ने रे एनोका! बहिणीची पेटी उचलण्याची परीक्षा तरी पास हो!" मी हसलो. होडीत पेटी ठेवताना त्यांना विचारले, "फटीत पाणी किती वेळ टिकेल?" ते म्हणाले, "अर्धा तासही नाही." हे मी तुला मुद्दाम सांगतो. तो अविचार नव्हता. मी विचारून घेतले होते.

मागे लाव्हा, पुढे खडक, मध्ये ती एक फट. तीतून तू जाणार, आणि ती माझ्यामागे नव्हे, माझ्यापुढे बंद होणार, असे मला वाटले. सेमिसी झऱ्यावर अंघोळीला गेले होते. शंख खांबाला टांगलेला होता. यहोशवाने लढाईसाठी सूर्याला आकाशात थांबवले; मी मत्सरासाठी त्याला वेळेआधी ढकलून बुडवले. सूर्य मावळण्यापूर्वी क्रोध सोडावा, असे प्रेषित सांगतो. मी सूर्यच आधी मावळवला.

परतताना सेमिसींनी मला पळताना पाहिले. त्यांच्या हाती ओला शंख आला. पण आपल्याकडे बांधणारा शंख आहे, सोडणारा आहे. 'चूक झाली' असे सांगणारा शंख नाही. नियमाबाहेर ओरडणार कसे? म्हणून त्यांनी एकच करता येण्याजोगे केले. प्रार्थना सुरू करणारा दुसरा लगोलग वाजवला, आणि गीत चालू असतानाच तिसरा. ज्या तिसऱ्या शंखावर मुले इतकी हसतात, फुआतिनो, तो तुला सोडवण्यासाठी होता. वृद्धाने ओहोटीशी शर्यत लावली होती.

प्रमुखांच्या सभेत त्यांना विचारले, "सेमिसी, काय झालं होतं?" ते म्हणाले, "ढग आला. म्हातारे डोळे आहेत." भावाने बहिणीचा करार मोडला हे बाहेर आले असते, तर आपले सारे घर गावाबाहेर काढले गेले असते, तूही. हे त्यांनी त्या एका श्वासात जाणले असावे. दुसऱ्या दिवशी मी वाटेत दिसलो, तेव्हा एवढेच म्हणाले, "पोरा, शंख फुंकला की पुसून टांगावा. ओला राहिला की वास धरतो." त्यानंतर नऊ वर्षे ते जगले. शब्द काढला नाही.

पुढच्या वर्षी जुन्या पाळकांना आपल्या घराची दया आली. "एकीची संधी गेली, निदान मुलगा तरी शिको," म्हणून त्यांनी मला पाठवले. याकोबाने हातांना करडांची कातडी बांधून भावाचा आशीर्वाद घेतला. मला तेवढेही कष्ट पडले नाहीत. तुझ्या फटीतून मी बाहेर पडलो.

नोहाचे वस्त्र मी सेमिसींवर घालू पाहत नव्हतो. स्वतःवर घालत होतो. सातवे प्रकरण ठेव. ढग काढ, आणि त्या जागी माझे नाव घाल.

एनोका


ऑकलंड
९ जुलै २००६

भगिनी फुआतिनो,

सहा आठवडे झाले. लुतेरु रोज खालची पत्रपेटी पाहून येतो आणि वर येऊन मान हलवतो. मी त्याला सर्व सांगितले आहे. त्या दिवशी त्याने माझ्या चहात साखर घातली नाही, एवढेच.

तुझा क्रोध न्याय्य आहे, त्याविषयी मी लिहीत नाही. पण छापखान्याची तारीख जवळ आली. त्या मुलीच्या पणजोबांचे नाव तसेच छापले जाऊ नये, एवढीच याचना.

एनोका


फागालेले
२७ जुलै २००६

एनोका,

तुझे पत्र मी दोनदा मनात वाचले, तिसऱ्यांदा मोठ्याने, घरात कोणी नसताना. आपल्या आवाजात ऐकल्यावर ते खरे वाटले.

मला योसेफाची गोष्ट सांगू नकोस. भावांनी त्याला विकले, पण निदान दूर देशी तरी पाठवले. मिसरात त्याचे धान्याचे कोठार झाले. तू मला येथेच ठेवलेस. 'तुम्ही वाईट योजिले, देवाने त्याचे चांगले केले,' हे म्हणायचा अधिकार खड्ड्यात पडलेल्याचा असतो, ढकलणाऱ्याचा नव्हे. मुलांसाठी मी शेवटी जे गोड वाक्य लिहिले होते, ते मी खोडून टाकले आहे. ते त्रेपन्न वर्षे मी स्वतःलाच वाचून दाखवत होते.

तुझे-माझे मागाहून पाहू. ते लांबेल. आधी सेमिसींचे घर.

'ढग काढ, माझे नाव घाल' असे लिहून तू मोकळा होतोस? अपराध किनाऱ्यावर केलास आणि क्षमा कागदावर मागतोस? तू पाळक आहेस; लोकांना कबुलीचे धडे दिलेस. आपल्या गावात हे कसे करतात, ते तू विसरला नसशील. ये, आणि त्यांच्या घरापुढे डोक्यावर चटई घेऊन बस; ती त्यांनी उचलली तरच क्षमा.

आईने तीन वर्षे विणलेली बारीक चटई माझ्यापाशी आहे. ती माझ्या पेटीत होती. पेटी परत आली, तशी चटईही परत आली, आणि कधी उलगडली गेली नाही. तीच डोक्यावर घे.

पेसामिनोला मी काही सांगितलेले नाही. ते तुझे काम. तो तुला किती वेळ बसवून ठेवील, मला ठाऊक नाही. दगड उचलला तरी मी मध्ये येणार नाही. छापखान्याला कळवले आहे की सातवे प्रकरण सप्टेंबरअखेर येईल. तोवर त्याची पाने कोरी राहतील.

फुआतिनो


ऑकलंड
१९ ऑगस्ट २००६

प्रिय भगिनी,

लुतेरु म्हणाला, "बाबा, तुमचे गुडघे लिफ्टपर्यंत जात नाहीत, तुम्ही जमिनीवर दिवसभर बसणार? फोन करा ना पेसामिनोला."

मी म्हटले, "फोनवर डोके झाकता येत नाही."

"आणि त्यांनी चटई उचललीच नाही तर?"

"तर तो त्यांचा न्याय."

मग त्यानेच तिकीट काढले. सप्टेंबरच्या पंधरा तारखेला विमान, सतराला फेरीबोटीने सावाई. डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घेतल्या आहेत.

खरे सांगतो, मला भीती वाटते. दगडांची नव्हे. त्या फटीतून उलट आत येण्याची.

एनोका


फागालेले
२० सप्टेंबर २००६

प्रिय लुतेरु,

तुझ्या वडिलांचे गुडघे नारळाएवढे सुजले आहेत, पण ते जेवतात, झोपतात आणि माझ्या शुद्धलेखनात चुका काढतात. तेव्हा काळजी नसावी. काय झाले ते त्यांनी लिहावे, असे मी म्हटले. ते म्हणाले, "मी चटईखाली होतो, मला काय दिसले?" म्हणून मी लिहिते. तू तिकडे वाढलास, तुला हे सारे कानाने ठाऊक असेल, डोळ्यांनी नसेल.

मंगळवारी पहाटे, उजाडता उजाडता, आम्ही दोघे पेसामिनोच्या घरापुढे गेलो. माझे काम चटई हाती देण्यापुरते होते. तुझे वडील उभे राहून मोठ्याने म्हणाले, "मी एनोका. तो शंख मी फुंकला होता. सेमिसींनी नाही. ढग नव्हता. त्यांनी मला झाकलं, आणि मी त्यांना त्रेपन्न वर्षं उघडं ठेवलं." मग ते खाली बसले, वाकले, आणि मी आईची चटई त्यांच्या डोक्यावरून टाकली. मी समोरच्या घरात, माझ्या चुलत जावेच्या ओट्यावर जाऊन बसले.

पेसामिनोने ऐकले. हाताने तोंडावरून पाणी फिरवले. कोयता उचलला. पण तो चटईला वळसा घालून तारोच्या कंदांच्या मळ्याकडे निघून गेला. दिवस वर आला. सारे गाव येऊन पाहून गेले. कोणी म्हणे, "पाळकसाहेब? कोणाच्या वतीनं बसलेत?" "स्वतःच्या!" "छे, पाळक कसे बसतील?" दुपारी फेतू हातात शहाळे घेऊन बाहेर आली, चटईपाशी उभी राहिली. आतून तिच्या आजीचा आवाज आला, "फेतू, मागे ये. अजून नाही." ती मागे गेली. शहाळे तिने तेथेच, हात पोहोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवले.

चटई अधूनमधून हलायची. तिच्याखाली माझा भाऊ होता आणि माझ्या आईची तीन वर्षे होती. मला आनंद झाला असे मी लिहिणार नाही. झाला नाही असेही लिहिणार नाही.

उतरत्या दुपारी पेसामिनो परतला. झऱ्यावर अंघोळ करून आला, आणि घरात न शिरता सरळ लाफाईंकडे गेला. दोघे दोनच वाक्ये बोलले असतील. म्हातारे लाफाई आत गेले आणि शंख दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले. पेसामिनोने तो घरी आणला, फेतूच्या हाती दिला आणि म्हणाला, "फुंक."

"आत्ता, बाबा?"

"आत्ता."

मी समुद्राकडे पाहिले. सूर्य अजून हातभर वर होता.

पहिल्यांदा नुसती हवा निघाली. दुसऱ्यांदा तो वाजला, फाटका, पण लांबवर गेला. सांजेच्या प्रार्थनेत वाटेवर पहाऱ्याला उभी राहणारी पोरे लुंग्या सावरत धावत आली, सूर्याकडे पाहत, एकमेकांकडे पाहत. पण शंख म्हणजे शंख. गाव घराघरांत शिरले. पेसामिनोचे कुटुंब खांबांच्या आत गोल करून बसले. बाहेर अंगणात तुझे वडील. आता कोणी त्यांना उठवू शकत नव्हते, ते उठू शकत नव्हते, मीही जाऊ शकत नव्हते. प्रार्थना पूर्ण झाली. गीताची पाचही कडवी झाली. पेसामिनोने घाई केली नाही. त्या खांबांमधून पाहता पाहता प्रथमच माझ्या लक्षात आले की माझे पाय जमिनीत रुतलेले नाहीत.

फेतूने तिसरा शंख वाजवला. पेसामिनो उठला, अंगणात आला, आणि चटई दोन्ही हातांनी उचलून नीट घडी घातली. मग माझ्या भावाच्या काखेत हात घालून त्याने त्याला उभे केले. एनोका डोळे मिचकावू लागला. तोंडावर ऊन होते. सूर्य अजून पाण्याला टेकलाही नव्हता. त्याने तो पाहिला, मग फेतूच्या हातातला शंख पाहिला, आणि त्याच्या तोंडून कसेबसे निघाले, "शंख... लवकर वाजला."

पेसामिनोने डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे बराच वेळ पाहिले.

"ढग आला असेल, पाळकसाहेब," तो म्हणाला.

आकाशात कोठेही ढग नव्हता. फेतूने झग्याच्या टोकाने शंख आतून-बाहेरून पुसला, आणि तो खांबाला टांगला.

तुझी आत्या,
फुआतिनो